दमणुकीची पैसेवारी : दिवसभराची बोटीची सफर आपल्याला झेपेल का?

माझ्या आईचं माहेर गंगाखेडचं. गंगेत डुंबलेली (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात), पण पासष्ट वर्षांत समुद्र पाहिलेला नाही. तिला मालवणला न्यायचं ठरलं. परभणीहून संध्याकाळी टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, रात्रभर प्रवास, पहाटे फोंडा घाटाची वळणं, सकाळी सातला मुक्कामी. आठला बोट ठरलेली होती. आई थकलेली दिसत होती, पण तीच म्हणाली, "बसायचंच तर आहे दिवसभर. त्यात काय दमायचं?"

संध्याकाळी पाचला ती खोलीत आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी दहाला उठली. डोकं धरलेलं, पाय जड, जेवण नको. नंतर कळलं की बोटीवर संडास-बाथरूम नाही म्हणून बाईनं दिवसभरात अर्धा ग्लाससुद्धा पाणी प्यायलं नव्हतं. ठरवताना मी बोटवाल्याला एवढंच विचारलं होतं, "किती तास?" तो म्हणाला, "सहा." मी म्हटलं, सहा तास तर आपण नांदेडला लग्नाला जाऊन येतो.

चूक तिथंच झाली. बोटीची दमणूक तासांत मोजता येत नाही. तीन तासांची एक सफर माणूस झोपवते आणि दिवसभराची दुसरी ओसरीवर बसल्यासारखी जाते. मग मोजायचं कसं? आपल्याकडे पिकाची पैसेवारी काढतात, म्हणजे शंभर पैशांपैकी पीक किती आलं याचा अंदाज घेतात, तसं. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. शंभर पैसे म्हणजे पूर्ण ताकद. एकेक गोष्ट वजा करत जायची आणि शिल्लक पन्नासच्या खाली आली की दुष्काळ समजायचा. खालचे आकडे माझे आहेत, चार-पाच सफरींतून आणि घरच्यांच्या तक्रारींतून आलेले. कुठल्या शास्त्राचे नाहीत. तुमच्या घरात ते बदलतील, पण वजा कशाकशाचं करायचं हे बदलणार नाही.

नजर पैसेवारी : पैसे भरायच्या आधी, घरीच

पहिली वजाबाकी आदल्या रात्रीची. मराठवाड्याला किनारा नाही. आपल्या आठ जिल्ह्यांतल्या कुणालाही समुद्र बघायचा म्हणजे आधी एक रात्र गाडीत घालवावी लागते. मुंबई-पुण्याचा माणूस "आठची बोट" म्हणतो तेव्हा तो झोपून उठलेला असतो. आपण नसतो. बसून काढलेल्या रात्रीचे सरळ २५ पैसे वजा करा. मुंबईला जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसच्या बर्थवर आडवं होऊन गेलात तर १०. आणि शक्य असेल तर हा खर्च टाळाच. पोचल्याच्या दिवशी फक्त किनाऱ्यावर फिरायचं, बोट दुसऱ्या दिवशी. एका रात्रीचं खोलीभाडं वाढतं खरं, पण अख्ख्या यादीत एवढी मोठी बचत दुसरी नाही.

दुसरी वजाबाकी बोटीच्या जातीची. जाहिरातीत सगळ्यांना "बोट"च म्हणतात, पण बैलगाडी आणि रेल्वे दोन्ही गाड्याच असतात तसं हे आहे.

केरळात अलप्पुळाची हाउसबोट वेंबनाड तलावाच्या आणि कालव्यांच्या शांत पाण्यावर चालते. तिथं लाटा नाहीत, डोक्यावर छप्पर, आत खोली आणि संडास. संध्याकाळी तर ती किनाऱ्याला बांधूनच ठेवतात. अशा बोटीचा तासाला एक पैसासुद्धा जास्त होतो. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटीचे तासाला ३ धरा. ती डुलते, पण आदळत नाही. उघड्या समुद्रावरच्या लहान इंजिनाच्या होडीचे किंवा स्पीडबोटीचे तासाला ८.

स्पीडबोटीचा आकडा जास्त वाटेल. नांगरलेल्या रानातून ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत कधी बसला आहात का? बोटीचं नाक लाटेवर चढतं आणि पलीकडे धप्पकन आपटतं. तो दणका थेट मणक्यात जातो. शरीर पुढच्या दणक्यासाठी सतत आवळून बसलेलं असतं. त्यामुळे "नुसतं बसून" पोट, पाठ, मांड्या दिवसभर कामच करत असतात. कंबरेची नस दबलेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा बाई गरोदर असेल तर हिशेब मांडूच नका, स्पीडबोट नाहीच. थायलंडच्या सहलींत फुकेतहून फी फी बेटांना स्पीडबोट साधारण तासाभरात पोचते आणि मोठ्या फेरीबोटीला दोन तास लागतात. लोक वेळ वाचतो म्हणून स्पीडबोट घेतात. तरुण असाल तर घ्या. बरोबर आई-वडील असतील तर दोन तासवाली जास्त आरामाची.

तिसरी वजाबाकी सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे : किती वेळा चढायचं-उतरायचं?

बोटीत बसून माणूस दमतो त्यापेक्षा बोटीत शिरताना आणि बाहेर पडताना जास्त दमतो. पक्क्या जेट्टीला बोट लागत असेल आणि कुणीतरी हात देत असेल तर दरखेपेला १ पैसा. पण बऱ्याच ठिकाणी बोट किनाऱ्यापासून दहा-पंधरा पावलं लांब थांबते. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, हलत्या बोटीची काठाची फळी किंवा लोखंडी शिडी धरायची, ओल्या पायानं वर चढायचं. अशा दरखेपेला ४ पैसे, आणि गुडघे दुखत असतील तर दुप्पट. नऊवारी किंवा साडी असेल तर भिजलेल्या कापडाचं ओझं वेगळं. आमच्या आईनं त्या दिवशी असं तीनदा केलं : निघताना, देवबागच्या त्सुनामी बेटावर आणि परतताना. त्या बेटाची रेती भरतीत पाण्याखाली जाते, त्यामुळे तिथं कोरडं उतरणं जमतच नाही.

मुरूड-जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. अंतर थोडं. पण किल्ल्याच्या दरवाजाशी होडी वर-खाली होत असते, आणि ती वर आली की दगडी पायरीवर पाऊल टाकायचं, हे तंत्र ज्याला एकदा तरी जमलंय त्यालाच ते सोपं वाटतं.

याची परीक्षा घरीच घेता येते. जाणाऱ्या माणसाला कशाचाही आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठायला-बसायला सांगा. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा उंच जीपमध्ये मागून चढून बघू द्या. हसतखेळत जमलं तर पाण्यातली चढउतार जमेल. दोघांनी ओढावं लागलं तर फक्त जेट्टीच्या सफरी शोधा.

चौथी, सावली. सकाळी दहा ते चार या वेळात बोटीवर किंवा बेटावर डोक्यावर छत नसलेला प्रत्येक तास ५ पैशांचा. इथं आपल्या माणसांचा एक खास गैरसमज असतो. "आम्ही ४३ अंशांत राहतो, कोकणातल्या ३२ चं काय घेऊन बसलात!" आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच वाळतो, अंग थंड होतं. किनाऱ्यावर हवा दमट, घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. त्यात बोटीवर वारा लागतो म्हणून ऊन जाणवत नाही, आणि वाळूवरून, लाटांच्या फेसावरून उलटणारं ऊन छताखालीही तोंडावर येतं. संध्याकाळी आरशात बघितलं की कळतं.

पाचवी, संडासाची सोय. नसेल आणि सफर चार तासांच्या वर असेल तर १० पैसे. पुरुष मंडळी हे कलम यादीत लिहीतच नाहीत. बायका मात्र सकाळपासून पाणी बंद करतात, मग डोकं दुखतं, मळमळतं आणि सगळे म्हणतात "तिला बोट लागली." बोट लागलेली नसते, पाणी कमी पडलेलं असतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी ती त्या दिवशी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. मनानं बंद करू नये.

उरलेली किरकोळ वजाबाकी : पहाटे पाचच्या आत उठायचं असेल तर १०, पोहणं-स्नॉर्केलिंग असेल तर १०, बेटावर चढण किंवा मोठी पायपीट असेल तर १०.

आता आईचा त्या दिवसाचा हिशेब. गाडीतली रात्र २५, लहान बोटीत उघड्या पाण्यावर दोन तास म्हणजे १६, पाण्यातून तीन खेपा गुडघ्यांमुळे दुपटीनं २४, बिनसावलीचे दोन तास १०, संडास नाही १०. झाले ८५. शिल्लक १५ पैसे. माझ्या बावीस वर्षांच्या भाच्याला त्याच दिवसाला ७३ लागले, म्हणजे २७ उरले, आणि तो संध्याकाळी वाळूत क्रिकेट खेळत होता. म्हणून पन्नासची रेघ सगळ्यांना सारखी लावू नका. धडधाकट तरुण पोरांची शिल्लक पंचवीसपर्यंत उतरली तरी चालतं, ती एका झोपेत भरून काढतात. साठीच्या पुढे, लहान लेकरं असतील तर किंवा गुडघा-कंबर-साखरेचं दुखणं असेल तर पन्नास राखायचेच.

आणि हिशेब गटातल्या सगळ्यात कमजोर माणसाचा करायचा. बोट मधूनच परत फिरत नाही.

हाच हिशेब उलटा फिरवून बघा. रात्र वजा केलीच नाही, म्हणजे एक दिवस आधी पोचलो, आणि पाण्यातली चढउतार तीनवरून एकवर आणली, तर आईचे ५६ उरतात. तीच बाई, तोच समुद्र.

बोटवाल्याला काय विचारायचं

"त्रास होईल का?" असं विचारूच नका. उत्तर ठरलेलं असतं : "काय नाय हो, आरामात." त्याच्यासाठी ते खरंही असतं, तो रोज जातो. त्याला असं विचारा :

"बोट जेट्टीला लागते का पाण्यातून यावं लागतं? परत येतानाही तिथंच उतरवता का?"
"दिवसात एकूण किती वेळा उतरायचं? न उतरता बोटीतच बसलं तर चालेल का?"
"छत अख्ख्या बोटीला आहे का अर्ध्या?"
"मधे संडासाची सोय कुठं आहे, किती वाजता पोचतो आपण तिथं?"
"जेवण किती वाजता?"
"लेकरांच्या मापाचे लाइफ जॅकेट आहेत का?"

शेवटचा प्रश्न दमणुकीचा नाही, पण त्यावर तडजोड नको. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेली फेरीबोट नौदलाच्या बोटीच्या धडकेनं मुंबई बंदरात बुडाली, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. जॅकेट उकडतं, खांद्याला काचतं, त्यानं दमणूक थोडी वाढते. तो खर्च हिशेबात धरायचा आणि जॅकेट घालायचंच.

आणखी एक. सफरीची वेळ बोटीच्या वेळेवरून नाही, हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजा. अंदमानातली बाराटांगच्या चुनखडीच्या गुहेची सफर याचं ठळक उदाहरण. खारफुटीच्या खाडीतली स्पीडबोट एका बाजूला जेमतेम अर्धा तास, पाणी शांत. पण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा पहिला ताफा सकाळी सहाला सुटतो, तो गाठायला पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) रात्री तीन-साडेतीनला निघावं लागतं. मग रस्त्यावरचे तास, गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट, गुहेपर्यंत दमट हवेत पायपीट, आणि तेच सगळं उलट. बोटीचा एक तास आणि मोडतो अख्खा दिवस. उलट स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) मोठी बंदिस्त वातानुकूलित बोट साधारण दीड-दोन तासांत नेते, आणि तिथं मुक्काम केला तर म्हाताऱ्या माणसालाही जड जात नाही. तिथं स्कूबा करणार असाल तर परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका, किमान १८ तास मधे जाऊ द्या.

सुधारित पैसेवारी : आदल्या संध्याकाळी

आता समुद्र आणि वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेनंतर विसरलो. इथं कामाला येतात. सकाळी पाणी बहुधा शांत असतं. जमीन तापली की अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि चार-पाचपर्यंत वाढत जातो. म्हणजे जाताना गुळगुळीत असलेलं पाणी परतताना खडबडीत. आपण दमलेलो असतो नेमकं तेव्हाच. परत यायची वेळ दुपारी दोनच्या पुढे असेल तर ५ पैसे वाढवा. सकाळी सातची बोट मिळत असेल आणि आदल्या रात्री झोप झालेली असेल तर तीच घ्या.

मोबाइलवरच्या हवामान अॅपमध्ये वाऱ्याचा वेग बघा. ताशी १५ किलोमीटरच्या आत असेल तर उत्तम. २० ते २८ च्या दरम्यान लाटांचे शेंडे जागोजागी पांढरे होतात, लाट मीटरभर उठते, लहान बोट चांगलीच आदळते. तासाचे ८ चे १२ करा. त्याच्या वर असेल तर लहान बोटीचा नाद सोडा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था किनाऱ्यावरच्या लाटांचा अंदाज रोज देते, तोही बघता येतो. पावसाळ्यात प्रश्नच येत नाही. जून ते ऑगस्ट आपल्या किनाऱ्यावरची पर्यटकांची वाहतूक बहुतेक बंदच असते.

भरती-ओहोटीसाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण अंदाज येतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि जोराची, ज्याला तिकडं उधाण म्हणतात. ओहोटीही तितकीच खोल. ओहोटीत बोट काठाजवळ येत नाही, चिखल आणि शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. जेट्टीची सफर म्हणून घेतलेली पाण्यातली होऊन बसते ती अशी. ज्या वेळी चढणार-उतरणार आहात ती वेळ तिथीशी ताडून बघा.

त्या संध्याकाळी माणसांकडेही एकदा बघून घ्यायचं. घाटात कुणाला गाडी लागली होती? त्याला बोट लागायची शक्यता जास्त. कान सांगतो आपण हलतोय, डोळे बोटीच्या आतलं स्थिर बाक बघतात, डोक्यात भांडण लागतं आणि पोट ढवळतं. प्रोमेथाझिनची गोळी (आपल्याकडे अव्होमिन म्हणून मिळते) आदल्या रात्री किंवा निघण्याआधी तास-दोन तास घेतात. उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. तिनं झोप येते, म्हणजे चढता-उतरताना तोल सांभाळायला कुणी बरोबर हवं. काचबिंदू, प्रोस्टेट असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना देऊ नये. आलेपाक खिशात असू द्या, काहींना त्यानं बरं वाटतं.

शिदोरीत दशम्या चालतील, धपाटे चालतील, ठेचा नको. उपाशी जाणंही वाईट आणि आकंठ जेवून जाणंही. ओआरएसची दोन पाकिटं, माणशी दीड-दोन लिटर पाणी, मोठा रुमाल, दस्ती, पायात घट्ट बसणारी पट्ट्याची सँडल. चपला पाण्यात निघून जातात, हे मी दोनशे रुपये गमावून शिकलो.

अंतिम पैसेवारी : धक्क्यावर

बोट समोर आली की पाच मिनिटं उभं राहून नुसतं बघा. लांबवर पांढरे शेंडे दिसतात का? आधीचे लोक कसे चढताहेत? सांगितलेलं छत खरंच आहे का? बोट भरून वाहतेय का? आणि ज्याच्यासाठी हिशेब मांडला त्या माणसाचा चेहरा बघा. रात्री झोप लागली का, सकाळी पोट साफ झालं का, नाश्ता गेला का, हे विचारायला लाजू नका. यातल्या दोन गोष्टी बिघडल्या तर त्या माणसाला किनाऱ्यावर ठेवा, सोबतीला एकजण थांबा. आगाऊ दिलेले पैसे गेले म्हणून पुढे रेटू नका. आम्ही तेच केलं होतं.

जागा निवडताना धावपळ करा, इथं संकोच कामाचा नाही. लाकडी डिझेल बोटीत मधोमध बसा. नाकाकडे झोके जास्त, मागे धुराचा वास. स्पीडबोटीत मागची बाजू, नाकाकडे फोटो छान येतात आणि कंबर जाते. नजर लांब क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये रील बघत बसलेला पोरगा सगळ्यात आधी उलटी करतो. पाणी तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन घोट.

ज्यांना पहिल्यांदाच जायचंय त्यांनी दिवसभराची समुद्रसफर घेण्याआधी घारापुरी करून बघावी. गेटवेहून तासभर जाणं, तासभर येणं, जेट्टी पक्की, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी, मग लेण्यांपर्यंत साधारण १२० पायऱ्या, आणि ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोली. सोमवारी लेणी बंद. देवगिरीनं झोपून गेलात तर १०, बोटीचे ६, धक्क्यावरच्या चार चढउतारांचे दुपटीनं ८, पायऱ्यांचे १०, उन्हाचे ५. आईचे ६१ पैसे शिल्लक राहतात. ही सफर कशी जाते त्यावरून माझे आकडे तुमच्या माणसाला लागू पडतात का तेही कळेल. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस किती वाजता उठला, एवढं लिहून ठेवा.

संध्याकाळी परतल्यावर गोड्या पाण्यानं अंघोळ, वरण-भात, लवकर अंथरूण. परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नका, नाहीतर सकाळी वाचवलेले २५ पैसे रात्री जातात. डोळे मिटल्यावर खोली डुलल्यासारखी वाटते. आई घाबरून उठून बसली होती. बहुतेकांचं ते सकाळपर्यंत थांबतं.